दाण्याचं सोवळं

सुधीर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झाला तो कॉलेजात असताना. वाचनालय 1840 सालचं, त्यामुळे घरात कुणी ना कुणी तिथला सभासद असायचाच. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी, संध्याकाळी घरी आलं की जेवण आणि जेवणानंतर कादंबरी, असा त्याचा नेम. ‘बनगरवाडी’, ‘रणांगण’, ‘गारंबीचा बापू’ ही पुस्तकं तर तो फिरून फिरून आणायचा. बायको, मेधा, म्हणायची, “जगात नवीन पुस्तकं निघायची बंद झालीत का?” तो नुसता हसायचा.

त्यांची मुलगी मनू दीड वर्षाची असताना एका एकादशीला आजीने, म्हणजे सुधीरच्या आईने, कौतुकाने तिच्या जिभेवर दाण्याच्या लाडवाचा कण ठेवला. पोरीने मिटक्या मारल्या. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, भडाभडा उलटी झाली आणि श्वास घरघरायला लागला. रिक्षा, दवाखाना, मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. पोर वाचली. पुढे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असल्याचं सांगितलं. मोठेपणी जाईल का, या प्रश्नाला, “काहींची जाते, पुष्कळांची राहते,” एवढंच उत्तर मिळालं. तोवर दाणा वर्ज्य आणि इंजेक्शनची पिशवी कायम जवळ.

सुधीरच्या कादंबऱ्या त्या दिवशी बंद झाल्या आणि स्वयंपाकाची पुस्तकं सुरू झाली. लंडन-अमेरिकेहून मागवलेली, जाड गुळगुळीत कागदाची, ॲलर्जी असलेल्या मुलांच्या घरांसाठी लिहिलेली. मुखपृष्ठावर हसरं कुटुंब, आत गाजराचे केक आणि डब्यात द्यायची सँडविचेस. पेन्सिलीने खुणा करत तो ती परीक्षेसारखी वाचायचा. त्या पुस्तकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला त्यांनीच त्याला शिकवलं. चिवड्यात दाणा नसला तरी तो ज्या यंत्रावरून आला त्यावर दाणा असू शकतो, भाजल्याने दाण्याचा दोष जात नाही, रिफाइंड तेलातून दाण्याची प्रथिनं बहुतेक निघून जातात पण घाण्याच्या तेलात ती राहतात, आणि हाताला लागलेलं कूट साबण-पाण्याने जातं, सॅनिटायझरने जात नाही, हे सगळं त्याला तिथूनच कळलं.

अडचण वेगळीच होती. त्या लोकांच्या घरात दाणा बरणीत असतो, पीनट बटरच्या. बरणी फेकली की निम्मं काम झालं. आपल्या घरात दाण्याला अशी एक जागा कुठे असते? सुधीरने फळीवरची ‘रुचिरा’ काढली. कमलाबाई ओगल्यांचं 1970 सालचं हे पुस्तक, वाटी-चमच्याच्या मापांमुळे पिढ्यान्‌पिढ्या नव्या सुनांना तारणारं. त्याने पेन्सिल घेतली आणि थोड्या वेळाने खाली ठेवली. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, अळूच्या भाजीत दाणे, पोह्यांत दाणे, चटणीत दाणे, आणि उपासाला तर दाण्याशिवाय पान हलत नाही. कुटाच्या डब्यातला चमचा घरभर हिंडतो आणि कुठे कुठे जाऊन आला ते कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा त्याने वाटणी केली. मनूसाठी वेगळी शेगडी, वेगळी कढई, वेगळं ताट. ताटाला खालून लाल रंगाचा ठिपका. बाकीच्यांच्या जेवणात दाणा असेल त्या दिवशी मनूचं ताट खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर. फ्रिजवर नियमांचा कागद. आजी त्या कागदाकडे बघायची नाही, पण तिने स्वतःचा एक नियम केला होता. लाडवाच्या त्या दिवसानंतर तिने नातीला आपल्या हाताने एक घास भरवला नव्हता. डबा उघडून द्यायचा असला तरी मेधाला हाक मारायची. नवऱ्यामागे घर सांभाळलेली बाई, पण या एका बाबतीत तिने हात आखडून घेतला होता आणि घरातल्या कुणालाही त्याबद्दल बोलण्याचं धाडस झालं नव्हतं.

मनू पाच वर्षांची झाली. एका दुपारी तिने भातुकली मांडली. दोन बाहुल्या, एक अस्वल आणि मोडक्या हाताचा एक शिपाई, सगळे ओळीने बसले. बटणांचं जेवण वाढून झालं. धाकटी बाहुली मात्र तिने उचलली आणि सोफ्याच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“हिला का गं तिकडे?” आजीने विचारलं.

“तिला ॲलर्जी आहे. ती बाहेर बसते.”

आजी तूरडाळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिच्या सासरी, जुन्या नाशकातल्या वाड्यात, महिन्यातले चार दिवस ती बाहेर बसलेली होती. मागच्या पडवीत, घोंगडीवर, वरून टाकलेली भाकरी झेलत. तिच्या वेळेलाच ती चाल मोडली होती, म्हणजे सासूबाई गेल्यावर तिने स्वतःच मोडली होती. पाच वर्षांच्या पोरीच्या कानावर हे शब्द कधी पडण्याचं कारण नव्हतं. आजीने डाळीचं ताट बाजूला ठेवलं, उठून बाहुली ओळीत आणून बसवली. मनूने ती पुन्हा उचलून पलीकडे ठेवली. “अगं, असं नसतं आजी. तिला त्रास होईल.” पोरीचा आवाज समंजस होता. तेच आजीला सोसलं नाही.

त्याच सुमारास आजीच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन झालं. काही दिवस वाचन बंद. रोजचा पेपर आणि पोथी वाचणारी बाई, कंटाळून गेली. सुधीर म्हणाला, “मी वाचून दाखवतो.” हातात होतं ते पुस्तक त्याने उघडलं. आजी ऐकत राहिली आणि ओट्सच्या तिसऱ्या पाककृतीला म्हणाली, “बाळा, हे पुरे. माणसं असलेलं काहीतरी आण.”

म्हणून तो कितीतरी दिवसांनी वाचनालयात गेला आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊन आला. कादंबरी नव्हे, पण कुठल्याही कादंबरीच्या तोंडात मारील असं आत्मचरित्र. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेलं. आणि त्यातलं जलालपूर नाशिकपासून हाकेच्या अंतरावर, गोदावरीच्या काठी. तिथल्या गोखल्यांच्या घरात लक्ष्मीबाईंचं बालपण गेलं. वडिलांना सोवळ्याचं वेड. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, माणसांना तर विचारायलाच नको. लेखिकेने ते सगळं इतक्या मिश्कीलपणे लिहिलंय की आजी डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत हसायला लागली. अधूनमधून ती सुधीरला थांबवायची. “आमच्या सासूबाई याच पंथातल्या. स्वयंपाक झाला की ओटा, उंबरा, कडी-कोयंडा, सगळ्यावरून ओलं फडकं. दुधाचं भांडं निराळं, लोणच्याचा चमचा निराळा, खरकट्या हाताने काही शिवायचं नाही. तिखटाच्या बरणीला ओला हात लागला तर बरणी बाहेर.”

आणखी काही रात्री गेल्या. पुस्तकातली लक्ष्मीबाई वाढत गेली, नवरा ख्रिस्ती झाला, ती ताटातूट सोसून अखेर त्याच्या मागे गेली. जिवाच्या आकांताने शिवाशिव पाळणारी बाई ती सगळी मागे टाकून मोकळी झाली. त्या रात्री पुस्तक मिटल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सुधीर, तुझ्या त्या कागदावर काय लिहिलंय रे, पोरीच्या ताटाला काय लागायचं नाही?”

“दाण्याचा अंशसुद्धा.”

“मग अंश घरात येतो कशाला? सासूबाईंनी माणसं बाहेर ठेवली आणि तू पोरीला. अरे, दाणाच बाहेर ठेव की!”

वर्षानुवर्षं वाचून सुधीरला जे सुचलं नव्हतं ते आजीला कसं सुचलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पाककृतीचं पुस्तक आपण आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला उघडतो. प्रश्नच चुकीचा मांडला असेल तर ते बिचारं काय करणार? दुसऱ्याच्या घराची गोष्ट वाचताना आपलं घर जरा लांबून दिसतं. सुधीरने साडेतीन वर्षं एकच प्रश्न धरला होता: मनूला काय द्यायचं. बाकीच्यांनी काय सोडायचं, हे त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजीने पदर खोचला. डोळ्याला जपायचं म्हणून हुकूम तिचे आणि हात सुधीर-मेधाचे. कुटाचा डबा गेला. लाकडी कालथा गेला, त्याच्या भेगांत काय बसलं असेल कुणी सांगावं! पाच लिटरचा घाण्याच्या तेलाचा डबा खालच्या वॉचमनकडे गेला. मिक्सरच्या भांड्याचं पातं सुधीरने फिरवून मोकळं केलं आणि खालची रबराची चकती नखाने उचलली. तिच्या खाचेत जुनं कूट तेल सुटून काळं, मेणासारखं होऊन बसलं होतं. भांडं तो रोज स्वतः घासायचा, फ्रिजवरचा कागदही त्यानेच लिहिला होता, आणि हीच चकती मनूच्या खिरीच्या वाटणालाही वापरली जात होती. तो खाली बसला. आजी म्हणाली, “रडायचं नंतर. आधी नवीन भांडं आण.”

भाज्यांचं फारसं अडलं नाही. डॉक्टरांना विचारून, तीळ आणि हरभरा मनूला चालतात याची खात्री करून, वांग्यात तिळाचं कूट आलं, कोशिंबिरीत डाळ्याचं. अडलं ते एकादशीला. तीळ आणि डाळं उपासाला चालत नाहीत आणि आषाढी तोंडावर आलेली. साबुदाण्याच्या खिचडीत कूट नुसतं चवीला नसतं, दाण्यादाण्यामधलं पाणी ते शोषून घेतं आणि खिचडी मोकळी ठेवतं. कुटाशिवायच्या पहिल्या खिचडीचा असा गोळा झाला की मनूने तिचा हत्ती केला. मग आजीला वाड्यातली रत्नागिरीकडची शेजारीण आठवली. त्यांच्या खिचडीत दाणे असले-नसले तरी खोबरं असायचंच. साबुदाणा चोळून धुवायचा, पाणी पार निथळायचं, वर नावापुरता हबका मारून रात्रभर झाकायचा. सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बदामी भाजून हाताने चुरायचा. तुपात जिरं-मिरची, बटाट्याच्या काचऱ्या, मग साबुदाणा आणि चुरा, आणि उतरवताना वरून ओलं खोबरं. साबुदाणा काचेसारखा झाला की लगेच गॅस बंद, नाहीतर चिवट होतो.

आजीला एकच शंका होती, ही खिचडी शास्त्राला धरून आहे का. सुधीरने तिला सांगितलं की शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. मिरची, रताळी तिकडचीच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी यातलं काहीच महाराष्ट्रात नव्हतं.

“मग तुकोबांच्या घरी एकादशीला खायचे काय?”

“वरई असेल. फळं, दूध.”

“किंवा खरोखरच उपास करत असतील,” आजी म्हणाली आणि तिची शंका मिटली.

आषाढीला भजनी मंडळ आजीकडे होतं. बाहेर पावसाची झड. बायका छत्र्या झटकत आल्या. सगळ्यांना आधी फोन झाले होते, पण गोदाबाई गावाला गेलेल्या, त्यांना निरोप पोचला नव्हता. गोदाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, मंडळातला सगळ्यात खणखणीत आवाज. हातात स्टीलचा मोठा डबा, आत गरम खिचडी, कुटाने माखलेली. दारातच सुधीर आडवा आला. घाबरल्यामुळे त्याचा आवाज चढला. “काकू, डबा बाहेर! आत नको, प्लीज. तिथेच ठेवा, जिन्यात.”

गोदाबाई थांबल्या. आतली पेटी बंद पडली.

त्यांची आई आजीच्या सासरच्या वाड्यात धुणं धुवायला यायची. गोदा तेव्हा परकरातली, आईबरोबर यायची. तिच्यासाठी एक कान तुटलेला कप मागच्या अंगणात कोनाड्यात ठेवलेला असायचा. चहा त्यात वरून ओतला जायचा आणि पिऊन झाला की तिनेच तो विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. पुढे दोघी एका भजनी मंडळात आल्या, एकमेकींकडे जेवल्या. त्या कपाविषयी कुणी काही बोललं नव्हतं.

“सासूबाईंनी तुमच्या कप वेगळा ठेवला होता,” गोदाबाई सुधीरच्या खांद्यावरून आजीकडे बघत शांतपणे म्हणाल्या. “लेकाने डबाच जिन्यात ठेवला. चांगलं आहे.”

मेधा पुढे होऊन समजावायला लागली, ॲलर्जी, अंश, तपासण्या. आजीने तिला हाताने थांबवलं. ती स्वतः दाराशी आली. माफी मागितली असती तर ती त्या कपासाठी पुरली नसती आणि खुलासा केला असता तर तो पळवाट वाटला असता. आजीने दोन्हीतलं काही केलं नाही. तिने गोदाबाईंच्या हातातला डबा घेतला, खाली वाकून जिन्याच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, “गोदाबाई, तो डबा बाहेर. तुम्ही आत या. माझेही हात आता त्याला लागले, आपण दोघी हात धुऊ. साबणाने. आणि खिचडी अजून परतायची आहे, ती तुम्ही परता.”

“मी? तुमच्या ओट्याशी?”

“मग कुणी? मला डॉक्टरांनी वाफेशी उभं राहू नको म्हटलंय.”

हे अर्धसत्य होतं, ती मुदत केव्हाच संपली होती. दोघी बेसिनशी उभ्या राहिल्या. गोदाबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं. मनू शेजारी स्टुलावर उभी राहून तपासत होती. “अंगठा राहिला,” ती म्हणाली. गोदाबाईंनी अंगठा धुतला. ओट्याशी गेल्यावर त्यांनी खोबऱ्याचा चुरा चिमटीत घेऊन हुंगला आणि मगच सगळी हकीगत ऐकून घेतली. लाडवाचा दिवस, बाहुली, मिक्सरची चकती. आजीने काही लपवलं नाही.

शिवाशिवीच्या त्या जुन्या शिस्तीने या गावात कितीकांना आयुष्यं अंगणात काढायला लावली, हे मला ठाऊक आहे, आणि तिचे गोडवे गाण्यासारखं त्यात काही नाही. पण धुणं, पुसणं, चमचा वेगळा ठेवणं, एवढा भाग तिच्यातून आजीने वेगळा काढला आणि तो माणसाऐवजी दाण्याला लावला. नाहीतर नव्या नियमाचं जुन्याशी लगेच जुळतं. त्या दिवशी दारात अगदी तेच घडू घातलं होतं.

पंगत बसली. सगळ्यांच्या पानात तीच खिचडी. खिडकीजवळचं टेबल आदल्या आठवड्यातच कुंड्यांसाठी गॅलरीत गेलं होतं. मनू गोदाबाई आणि आजी यांच्यामध्ये. आजीने बोटांनी खिचडी दाबून लहानसा घास केला, क्षणभर हातात धरला आणि नातीच्या तोंडात घातला. मनूने तो खाल्ला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. गोदाबाईंनी स्वतःच्या पानातला घास घेतला.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या. “पण मोकळी झालीय. पुढची एकादशी माझ्याकडे. पोरीला घेऊन या.”

सुधीरचा घास घशातच राहिला. मनू आजवर बाहेर कुठे जेवली नव्हती. “काकू, त्याचं असं आहे, भांडी, तेल... मी तुम्हाला यादी करून देतो.”

“दे. वाचीन.” गोदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. “पण उभी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये झालीय माझी. हात आणि भांडी कशी ठेवायची ते मला नव्याने नको शिकवू. ते इंजेक्शन कुठे असतं तुमचं?”

सुधीरने पिशवी आणली. गोदाबाईंनी ॲम्प्यूल उजेडात धरून तारीख वाचली, सिरिंजेस मोजल्या.

“कधी देऊन बघितलंयस?”

“सगळं वाचलंय. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर...”

“वाचलंयस. देऊन बघितलंयस का?”

सुधीर गप्प.

“मेधा, मोसंबं आहे का घरात?”

मोसंबं आलं. गोदाबाईंनी एका जादा सिरिंजमध्ये पाणी भरून ती सुधीरच्या हातात दिली. सगळ्या बायका पानं सोडून भोवती जमल्या. त्याने सुई टोचली, ती तिरकी जाऊन पाणी सालीवरून ओघळलं.

“परत,” गोदाबाई म्हणाल्या. “आणि मग तुझ्या बायकोला दे, मग आईला. आज कुणी सुटत नाही.”